खिशातले हात

आमच्या वाल्देसेर्बो गावात कुणी दोन्ही हात खिशात घालून चालताना दिसला, तर खुशाल समजावं की समोरून मी येतेय. थंडीचा काही संबंध नाही. ऑगस्टात, कापणीच्या दिवसांत, घामानं निथळणारी माणसंसुद्धा मला बघून हात खिशात घालायची. कितेरियाच्या झग्याला खिसे नव्हते. तर त्या बाईनं ऐंशीव्या वर्षी चष्मा लावून, सुईत दोरा ओवून दोन खिसे शिवून घेतले. एक डावा, एक उजवा.

कारण चर्चची किल्ली माझ्याकडे होती.

किल्ली म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंत लांब, लोखंडी. तिच्यानं बैल आडवा करता येईल. पूर्वी ती घरोघर फिरायची. रविवार ते रविवार एका घरी, मग शेजारच्या. चाळीस घरं होती तेव्हा वर्षाकाठी एकदा पाळी यायची आणि लोक कौतुकानं वाट बघायचे. नियम सगळे तोंडी, पण बदलायची कुणाची छाती नाही. किल्ली हातातून हातात द्यायची. टाकून, ठेवून, कुणाच्या पिशवीत सरकवून चालत नाही. घेणाऱ्यानं आपण होऊन तिच्यावर बोटं मिटली पाहिजेत. मिटली की तो तिचा धनी.

दुसरा नियम धुराचा. किल्ली ज्या घरात, त्या घराच्या धुराड्यातून रोज संध्याकाळी धूर निघाला पाहिजे. माझ्या पणजोबांच्या काळात एक किल्लीवाला जत्रेला गेला आणि पिऊन तिथंच लोळला. इकडे एक मयत तीन दिवस चर्चच्या ओसरीत पडून. महिना जुलैचा. तेव्हापासून किल्लीवाल्यानं गावाबाहेर मुक्काम करायचा नाही.

आणि तिसरा. नुसतं दार उघडायला कुणाला किल्ली द्यायची असेल, तर देताना म्हणायचं, "कामाला देते, घराला नाही." एवढं म्हटलं की घेणाऱ्याच्या गळ्यात काही पडत नाही. काम झालं की किल्ली परत तुमच्याकडे. पण हे वाक्य फक्त किल्लीच्या धन्यानं म्हणायचं. दुसऱ्या कुणाच्या तोंडून ते निघत नाही.

अकरा वर्षांपूर्वी माझी पाळी आली. माझ्यानंतर घर तिबुर्सियोचं. नेमका त्या आठवड्यात तो चेरीच्या झाडावरून पडला, तेही दुसऱ्याच्या, आणि हात प्लास्टरमध्ये. "अशा हातानं कशी घेऊ गं, दोमितीला? सांभाळ की आठवडाभर." सांभाळली. प्लास्टर निघेपर्यंत बर्फ पडला. बर्फ वितळेपर्यंत त्याला खिशांचा शोध लागला होता. आणि मग बाकीच्यांच्याही डोक्यात प्रकाश पडला की किल्ली दोमितीलाकडे अडकून राहिली, तर आपली पाळी येतच नाही.

आता बाकीचे म्हणजे किती? गावाचा मुखिया एलादियो, तिबुर्सियो, कितेरिया आणि तिघे कारास्को भाऊ, जे एकमेकांशीसुद्धा बोलत नाहीत. सहा. मी सातवी. संपलं गाव.

मी काय कमी प्रयत्न केले? एकदा पावाच्या आत किल्ली घालून पाव भाजला आणि तिबुर्सियोला नेऊन दिला. त्यानं सुरीनं पाव कापला, किल्लीभोवतीचा सगळा खाल्ला आणि किल्ली तशीच ताटलीत ठेवून ताटली माझ्या उंबऱ्यावर आणून ठेवली. वर म्हणतो, "मीठ कमी पडलं."

माझी मुलगी नीवेस वायादोलिदला असते. तिच्या लग्नाला मी सकाळच्या बसनं गेले आणि जेवणाच्या आधी निघाले, कारण संध्याकाळी धूर निघायला हवा. नात सात वर्षांची झाली. मी तिला पळताना पाहिलं, रडताना पाहिलं, पण झोपलेली एकदासुद्धा पाहिली नाही. शेवटी नीवेस म्हणाली, "आई, नऊ मेला दुपारी एक वाजता मी गाडी घेऊन येते. सातव्या मजल्यावर तुझी खोली तयार आहे. या वेळी पण किल्लीचं कारण सांगितलंस, तर त्या खोलीत मी शिलाई मशीन ठेवते. परत विचारायची नाही."

मला आठवतंय, मशीन म्हणताना तिचा आवाज बारीक झाला होता. ती खरंच ठेवणार होती.

नऊ मेला सकाळी माझी पेटी बांधून दारात, आणि किल्ली अजून पदरात. एक वाजेपर्यंत ती कुणाच्या तरी गळ्यात घालायची होती. आणि त्याच सकाळी दहा वाजता आले आर्सेनियो नावाचे पाहुणे.

ते शहरातल्या पुराणवास्तूंच्या खात्यातले मोठे साहेब. मे महिन्यात गळ्यात मफलर, पोटावर कॅमेरा. चर्च गावाच्या वर टेकडीवर आहे, चढायला दहा मिनिटं. वर पोचेपर्यंत साहेबांना धाप लागली होती, पण तोंड बंद नव्हतं.

"सेन्योरा, तुम्हाला कल्पना आहे का, तुम्ही कशात राहता?"

"सर्दीत," मी म्हटलं.

"रोमनेस्क शैली! अस्सल रोमनेस्क! अकराशे ऐंशीच्या आसपासचं!"

आमच्या चर्चच्या छपराखाली दगडात कोरलेल्या मुंडक्यांची ओळ आहे. एक गाढव, एक जीभ काढणारी बाई, एक दाढीवाला, आणि एक जोडपं, जे नेमकं काय करतंय ते बघू नका म्हणून पाद्री लहानपणी आमचे कान पिळायचे. साहेबांनी गाढवाचा फोटो एकदा काढला. जोडप्याचा अकरा वेळा.

"हे पापाविरुद्ध इशारा म्हणून कोरलेलं आहे," ते म्हणाले.

"हो, अकरा वेळा इशारा घेतलात तुम्ही."

मी दार उघडलं. आत नेहमीसारखा काळोख आणि तळघराचा वास. साहेब दोन्ही हात पसरून मधोमध उभे राहिले. त्यांनी मला समजावलं की वरची दगडी कमान आठशे वर्षं भिंतींना बाहेर ढकलतेय, म्हणून भिंती मीटरभर जाड केल्या. आणि भिंतीला मोठी भोकं पाडली तर सगळंच खाली येईल, म्हणून खिडक्या अशा. आमच्या खिडक्या नरसाळ्यासारख्या आहेत. आतून बघाल तर त्यात शेळी बांधता येईल एवढ्या रुंद. बाहेर जाता जाता निमुळत्या होतात आणि शेवटी उरते एक फट, हात जाईल एवढी. आतून प्रत्येकाला वाटतं, सहज बाहेर पडू. आम्हाला हे तीन वर्षांच्या वयात कळतं, कारण आम्ही सगळे एकेकदा तिथं अडकून रडलेलो असतो.

मग ते खांबांकडे वळले. एका खांबाच्या माथ्यावर सिंह, एकावर पक्ष्याचं अंग असलेल्या बाया, आणि एक नुसता कोरा ठोकळा.

"हा कोरा माथा," साहेब कुजबुजले, "म्हणजे मौन. देवापुढचं मौन."

"कोरणाऱ्याला दुपारचं जेवण दिलं नाही गावानं. तो छिन्नी उचलून निघून गेला."

"कुणी सांगितलं?"

"सगळ्यांना माहीत आहे. कुणाची पाळी होती जेवण द्यायची, तेही माहीत आहे. तिबुर्सियोच्या घराची."

त्यांनी हसत हसत वही काढली. मग मी किल्लीची रीत सांगितली. म्हटलं, बघू, शहरातला माणूस आहे, काही तोडगा काढेल. त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"आठशे वर्षांची अखंड परंपरा! आणि तुम्ही ती जगताय! सेन्योरा, हे लिहितो मी. 'ही रीत जो मोडेल तो रानटी.' असंच लिहितो. किती भाग्यवान तुम्ही! माझं चाललं असतं तर मी आयुष्यभर इथंच राहिलो असतो."

मी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. पण तेवढंच. तेव्हा माझ्या मनात खरंच काही नव्हतं.

आता दाराविषयी. दार ओकच्या लाकडाचं, जाड. बंद झालं की कुलूप आपोआप पडतं आणि उघडायचं भोक फक्त बाहेरून आहे. आतून ओढायची कडी माझ्या सासूच्या काळात निखळली. नवी बसवायचं ठरलंय, चाळीस वर्षांपूर्वी. तोवर दाराला एक दगड लावून ठेवतो. तो दगड म्हणजे छपराखालून पडलेलंच एक मुंडकं, सारंगीवाल्याचं. नाक जमिनीला टेकवून तो बिचारा दार धरून बसतो.

मी वेदीवरचं कापड घडी करत होते. मागून साहेबांची किंकाळी आली.

"अहो, हे काय! बाराव्या शतकातलं शिल्प तुम्ही दाराला लावलंय?"

"साहेब, हलवू नका त्याला..."

पण ते गुडघ्यांवर बसले होते. त्यांनी सारंगीवाल्याला उचललं, मफलरनं त्याचं नाक पुसलं आणि बाळासारखं छातीशी धरलं. उत्तरेचा वारा जणू याचीच वाट बघत होता. धडाम.

साहेबांनी मान वळवली. "काय झालं?"

"तुम्ही बाराव्या शतकाला उचलून घेतलंत. आता त्यानं आपल्याला घेतलं."

"किल्ली आहे ना तुमच्याकडे?"

"आहे की."

"मग?"

"भोक बाहेर आहे."

त्यांनी मोबाइल काढला. तो वर धरला, खाली धरला, वेदीवर चढून धरला. मीटरभर दगडातून काय येणार? मग त्यांना घंटेचा दोर दिसला. मी "थांबा" म्हणायच्या आत ते लोंबकळलेसुद्धा. शहरी माणूस, जोर कमी. पडले तीनच ठोके, संथ, एकापाठोपाठ एक.

"झालं," मी म्हटलं. "मारलंत एका पुरुषाला."

आमच्याकडे घंटेला भाषा आहे. संथ तीन ठोके म्हणजे गावातला पुरुष गेला. बाईला दोन. फटीतून खालच्या गावाची एक पट्टी दिसते आणि त्यात नेमकं तिबुर्सियोचं दार येतं. मी पाहत राहिले. कितेरिया काळी शाल घेऊन निघाली. एलादियोनं टोपी काढली. कारास्को भाऊ तीन दिशांनी आले. सगळे गेले थेट तिबुर्सियोकडे, कारण हिवाळाभर तोच खोकत होता. किती चांगला माणूस होता, असं काहीतरी म्हणायच्या तयारीत त्यांनी दार ठोठावलं आणि तिबुर्सियोनंच उघडलं. थोडा वेळ सगळे एकमेकांकडे बघत राहिले. मग तिबुर्सियोनं घरात जाऊन आपलीही टोपी आणली आणि तो त्यांच्यात उभा राहिला, कोण गेलं ते शोधायला.

"आता मी वाजवते," मी म्हटलं आणि पंचायतीची घंटा वाजवली. ती फक्त मुखियानं वाजवायची. पण ती वाजली की सगळ्यांनी चर्चच्या ओसरीत येऊन दगडी बाकावर बसायचं आणि विषय निकालात निघेपर्यंत उठायचं नाही, अशी रीत आहे. बारा वाजता सहाही जण वर आले. फटीच्या अगदी समोर बसले. त्यांचे बूट आणि गुडघे मला दिसत होते.

"घंटा कुणी वाजवली?" एलादियोनं विचारलं.

"मी. आतून."

"कोण मी?"

"दुसरी कोण असणार? दोमितीला. आणि माझ्यासोबत शहरातले एक साहेब आहेत."

"साहेब गेले का? तीन ठोके पडले."

"अजून नाहीत."

"मी इथं आहे!" साहेब ओरडले. "दार उघडा!"

"उघडतो की," एलादियो म्हणाला. "किल्ली द्या बाहेर."

मी खिडकीत चढले, पालथी पडले आणि फटीतून हात बाहेर काढला. मनगटापर्यंत गेला. हातात किल्ली.

बाहेरचे गुडघे मागे सरले. मग एक आवाज आला, वाळलेल्या पानांवरून मेंढ्या गेल्यासारखा. बारा हात एकाच वेळी खिशात गेले.

"दोमितीला," एलादियो म्हणाला, "वाक्य म्हण."

"कुठलं वाक्य?"

"नाटक नको. 'कामाला देते, घराला नाही.' म्हण, आणि आत्ता उघडतो."

"माझं वय झालं, एलादियो. आठवत नाही."

"मी आत्ता सांगितलं की!"

"कानही गेले. तिबुर्सियो, तुझा हात बरा झाला ना रे? अकरा वर्षं झाली. ये, घे."

"हवा बदलली की दुखतो अजून," तिबुर्सियो म्हणाला.

"चेरी चोरताना दुखत नव्हता तो?"

"एकदाच गेलो होतो गं!"

"एकदाच पडलास," कितेरिया म्हणाली. तिला दोन्ही बाजूंनी बोलायला आवडतं.

तर असा पेच होता. चार शब्द म्हटले असते की मी दगडाबाहेर आले असते, आणि किल्ली पुन्हा माझ्या पदरात. मग धूर, संध्याकाळ, शिलाई मशीन. मी नाही म्हटलं. मी पडून राहिले, पोटाखाली गार दगड, आणि हात बाहेर. एका बाजूनं चर्च मला धरून होतं, दुसऱ्या बाजूनं गाव.

साहेबांना आधी हे सगळं फार आवडलं. वहीत भराभर लिहीत होते. साडेबाराला त्यांनी वही मिटली. पावणेएकला ते एका पायावरून दुसऱ्या पायावर होऊ लागले.

"सेन्योरा, ते वाक्य म्हणता का? मला जरा... बाहेर जायचंय."

"सगळ्यांनाच जायचंय."

"तसं नव्हे. मला सकाळी दोन कप कॉफी झालीय."

मी मान वळवून पाहिलं. ते कोपऱ्यातल्या बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडाकडे पाहत होते.

"त्याच्याकडे बघूसुद्धा नका," मी म्हटलं. "आठशे वर्षांत इथं कुणी केलेलं नाही. अखंड परंपरा आहे."

बरोबर एक वाजता खालून गाडीचा हॉर्न आला. मग टेकडीवर चढत्या गाडीचा आवाज, मग दार, मग नीवेसच्या टाचा.

"आई? आई कुठेय? हा कुणाचा हात?"

"माझा," मी म्हटलं.

"अगं, मग दे ना किल्ली! उघडते मी!" आणि तिचा हात पुढे आला. मला तो फटीतून दिसला. पांढरी बोटं, अंगठी.

बाकावरचे सहाही जण पुढे झुकले. किती प्रेमानं झुकले म्हणून सांगू! कितेरिया तर अगदी मावशीच्या आवाजात म्हणाली, "घे पोरी, घे. आईचीच आहे."

"नीवेस, हात खिशात घाल!"

"या ड्रेसला खिसे नाहीत, आई!"

"मग पाठीमागे घे! दोन्ही! मागे सर!"

ती सरली. बाकावरून सहा उसासे आले. पोरीला आठवलं असणार, इथंच वाढलेली आहे. ती फटीजवळ वाकली. मग अगदी हळू म्हणाली, "आई, म्हण ते वाक्य. बाहेर ये. तुझा हात बघ, निळा पडलाय."

"आणि मग?"

"मग काय... बघू."

हे 'बघू' मला ओळखीचं होतं. चाळीस वर्षं मी त्या कडीबद्दल तेच ऐकत आलेय.

मी हात आत ओढला आणि खिडकीतून खाली उतरले. खांदा लाकडासारखा झाला होता. मी हरले होते, खोटं कशाला बोलू? सातवा मजला काय, झोपलेली नात काय, प्रत्येकाच्या नशिबात सगळं नसतं. किल्ली हातात धरून मी श्वास घेतला आणि फटीकडे तोंड करून सुरुवात केली, "का..."

"आणा ती इकडे!"

साहेबांनी झडप घातली. चेहरा घामानं डबडबलेला, गुडघे एकमेकांना चिकटलेले. "मी देतो बाहेर! खिडकी एवढी रुंद आहे, मी स्वतःच जातो!" त्यांनी माझ्या हातातून किल्ली ओढून घेतली आणि तिच्यावर बोटं मिटली. पाचही.

माझ्या तोंडात वाक्य अर्धं होतं. तेवढं पूर्ण केलं असतं तरी पुरे होतं. मी तोंड उघडलं.

मग मिटलं.

पाद्र्याला मी हे नंतर सांगितलं. तो आमच्याकडे महिन्यातून एकदा येतो, नऊ गावं एकट्यानं करतो. त्यानं ऐकून घेतलं आणि मला क्षमा केली, पण तेवढा वेळ त्याचेही हात झग्याच्या बाह्यांत होते.

साहेब खिडकीत शिरले. डोकं, खांदे, उजवा हात पुढे. नरसाळ्यानं त्यांना मायेनं आत घेतलं आणि मध्यावर घट्ट धरलं. कमरेखालचा भाग आत लोंबकळत राहिला. हात बाहेर, हातात किल्ली.

"अडकलो," आतून दबका आवाज आला.

"तिसऱ्या वर्षी आम्हीही," मी म्हटलं.

बाहेर कुजबुज सुरू झाली.

"हा हात दोमितीलाचा नाही," तिबुर्सियोचा आवाज.

"घड्याळ आहे," कितेरिया म्हणाली. "केस आहेत. दोमितीलाला एवढे नाहीत."

एलादियो उठून फटीजवळ आला. त्याचा एक डोळा मला साहेबांच्या काखेतून दिसला. "बोटं मिटलेली आहेत का?"

"मिटलेली आहेत," मी आतून म्हटलं.

"आपण होऊन?"

"आपण होऊन. मी दिली नाही. त्यांनीच घेतली."

"पंचायत बसलेली असताना?"

"तूच सांग, तू बसला होतास ना?"

एलादियो वळला. "रीतीत हात म्हटलंय. कुणाचा ते म्हटलेलं नाही. मतं?"

थोरला कारास्को म्हणाला, "हो." मधला म्हणाला, "हो." धाकटा त्या दोघांशी बोलत नाही, त्यानं मान हलवली. आमच्या गावाचं शेवटचं एकमत झालं होतं ते पाण्याच्या पंपाला लाल रंग द्यायचा की निळा यावर, तेही नंतर मोडलं.

"काय चाललंय?" साहेब कण्हले. "कुणीतरी किल्ली घ्या!"

"घेते की साहेब," कितेरिया म्हणाली. तिचा आवाज एवढा गोड मी तिच्या नवऱ्याच्या मयतीलाही ऐकला नव्हता. "तुम्ही फक्त एवढं म्हणा, कामाला देतो, घराला नाही. की लगेच घेते."

"कामाला देतो, घराला नाही!" साहेब असे ओरडले की वरच्या कमानीनं ते वाक्य दोनदा परत म्हटलं. "कामाला देतो, घराला नाही! घराला नाही!"

बाहेर टाळ्या पडल्या. टाळ्यांसाठी बारा हात खिशातून बाहेर आले. तिबुर्सियोचे हात मी अकरा वर्षांनी जवळून पाहिले. चांगले गोरे झाले होते.

कितेरियानं किल्ली घेतली आणि दार उघडलं. उजेड आला. नीवेस आत धावली आणि माझ्या गळ्यात पडली. तिचे हात अजून पाठीमागेच होते, त्यामुळे मिठी जरा विचित्र झाली.

साहेबांना काढायला तिबुर्सियो घरी धावत जाऊन डुकराच्या चरबीचं मडकं घेऊन आला. तिघे कारास्को पाय ओढत होते. मडकं अर्धं संपलं तरी ते हलेनात. मग कितेरियानं बाहेरून त्यांच्या बगलेत गुदगुल्या केल्या आणि ते सुटले. सगळं एकदमच सुटलं. आठशे वर्षांची ती एक परंपरा त्या दुपारी मोडली. सारंगीवाला जवळच होता, पण तो नाक जमिनीला टेकवूनच असतो.

एलादियोनं साहेबांना माझ्या घरून माझी जुनी विजार आणून दिली, मग टोपी काढून किल्ली दिली. साहेब हसले. मग कुणीच हसत नाही हे पाहून थांबले.

"अहो, मी नोकरदार माणूस. मला चार वाजता व्याख्यान आहे."

एलादियोनं जमिनीवर पडलेली त्यांची वही उचलली, चष्मा लावला आणि सावकाश वाचलं, "'ही रीत जो मोडेल तो रानटी.'" मग खाली पाहिलं. "सही तुमचीच ना?"

साहेबांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. सगळ्यात शेवटी माझ्याकडे. मी त्यांना सांगितलं की लाकडं कोरडी आहेत, कोंबड्यांना संध्याकाळी दाणे लागतात, आणि धुराडं जरा उजवीकडे ओढतं. त्यांनी विचारलं, "किती दिवस?"

"रविवारपर्यंत," मी म्हटलं. "मग पुढचं घर तिबुर्सियोचं."

तिबुर्सियोचे हात केव्हाच खिशात गेले होते.

खात्याला साहेबांनी पत्र पाठवलं, मला सोडवा म्हणून. खात्याला फार आनंद झाला. त्यांनी आमची रीत जपण्याच्या वारशांच्या यादीत घातली आणि साहेबांना तिचे रक्षक नेमलं. नेमणूक कायमची.

वायादोलिदला पोचले त्या पहिल्या रात्री मी नातीच्या खाटेशी खुर्ची घेऊन बसले. तोंड उघडं टाकून झोपते. एक पाय पांघरुणाबाहेर. मी पहाटेपर्यंत बघत होते.

मागच्या ऑगस्टात गावच्या जत्रेला आम्ही तिघी गेलो. टेकडीखाली गाडी थांबवली. माझ्या धुराड्यातून भर दुपारी धूर निघत होता. माणूस आता कसलीच जोखीम घेत नाही. दार उघडलं आणि साहेब बाहेर आले. दाढी वाढलेली, गळ्यात तोच मफलर, अंगात माझी विजार.

"सेन्योरा दोमितीला!" दोन्ही हात पसरून ते माझ्याकडे धावत सुटले. "किती आठवण काढली तुमची!" उजव्या हाताची मूठ जरा जास्तच लांब दिसत होती.

मी जाड लोकरी कोट घातला होता, नीवेसनं मुद्दाम शोधून आणलेला, खोल खिशांचा. ऊन एवढं की डांबर वितळत होतं. मी दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले. शेजारी नीवेसनंही घातले.

खाली पाहिलं तर नात. तिला कुणी काही शिकवलेलं नाही, शपथ. तिचेही दोन्ही हात फ्रॉकच्या खिशांत होते.